पाण्यात काहीच नसलं पाहिजे

मामांनी न बघता कधी पाणी प्यायलं नाही. त्यांच्या पिशवीत स्वतःचा काचेचा ग्लास असायचा, जुन्या रुमालात गुंडाळलेला. कुठंही गेले तरी पाणी त्या ग्लासात घ्यायचं, उजेडाकडे धरायचं, एक डोळा मिटायचा, ग्लास बोटांत हळूच फिरवायचा आणि मगच ओठाला लावायचा. एकदा एका लग्नात भर पंगतीत त्यांनी ग्लास असा उन्हाकडे धरला आणि नुसती भुवई वर केली. झालं! शेजारच्यानं ग्लास वर धरला, मग त्याच्या शेजारच्यानं, आणि बघता बघता अख्खी पंगत पाण्यात काय आहे ते शोधायला लागली. मुलीचा बाप धावत आला. ‘काई नाई, काई नाई, मस्त हाय पाणी,’ म्हणत मामांनी ते पिऊन टाकलं, पण त्या बापाचा चेहरा जेवणं उरकेपर्यंत उतरलेलाच राहिला.

ते माझे कोणी मामा नव्हेत. चिखलीच्या नगरपरिषदेत सगळेच त्यांना मामा म्हणत. नदीवरून आलेलं पाणी जिथं स्वच्छ होतं त्या फिल्टरवर त्यांनी तीसेक वर्षं काढली. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रारी लिहून घेणाऱ्या टेबलावर. लोक माझ्यासमोर बाटल्या आणून आपटायचे, मी त्या मामांकडे पाठवायची आणि मामा स्वतः चालत यायचे, बाटली खिडकीशी नेऊन बघायचे. ‘बाई, पाण्यात काईच नसलं पायजे. डोयाले काई दिसलं म्हणजे आपण चुकलो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलंय की घरी माठात पाणी ओतताना अजून कानात वाजतं.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, ‘मले टेन्शन नाई, पण...’ या ‘पण’च्या पुढे जे यायचं त्यानं समोरच्याला टेन्शन यायचं. ‘मले टेन्शन नाई, पण त्या टाकीचं झाकण वाऱ्यानं हाललं अशीन काय?’ ‘मले टेन्शन नाई, पण तुमी गॅस बंद केला होता ना बाई?’ मी एकदा ऑफिसातून रिक्षा करून घरी गेले, गॅस बघायला. बंद होता. परत आले तर मामा फाटकात उभे. ‘होता ना बंद? मले वाटलंच.’

पण काळजीखोर माणूस कामाला किती पक्का असतो ते मी त्यांच्याकडे पाहिलं. पावसाळ्यात नदी चहासारखी व्हायची. मग मामा ओट्यावर सहा ग्लास ओळीनं मांडायचे. सगळ्यांत तेच गढूळ पाणी. तुरटीचं द्रावण पहिल्यात थोडं, दुसऱ्यात जरा जास्त, असं चढत्या मापानं घालायचं, ढवळायचं आणि बाकावर बसून राहायचं. ज्या ग्लासात गाळ खाली बसून वरचं पाणी आधी नितळ होईल, ते त्या दिवसाचं माप. ‘आज चार नंबर,’ ते जाहीर करायचे, आणि सगळं गाव चार नंबरचं पाणी प्यायचं. त्यांचं माप चुकल्याचं मला आठवत नाही. बाटल्या आपटणारे लोकही मामांनी ‘ठीक हाय’ म्हटलं की गुपचूप जायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांना आता निवांतपणा मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी तो घेतला नाही. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, अश्विनी. ती मासळीचं शिक्षण घेऊन भंडाऱ्याकडे मत्स्यबीजाच्या एका केंद्रावर नोकरीला होती. साखरखेर्ड्याच्या रस्त्याला मामांचं वडिलोपार्जित थोडं शेत होतं. मामा निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात ती आली, शेत पावलांनी मोजलं आणि म्हणाली, इथं तळं खोदू. मी मरळ वाढवते. मरळीला सगळीकडे मागणी आहे.

तिनं वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं, ‘बाबा, एक वर्ष. तळं जमलं तर मी इथंच. नाई जमलं तर तिकडची जागा हायच, मी जाईन.’

हे मला मामांनी एका आठवड्यात तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, ‘मले टेन्शन नाई, पण घर लय मोठं हाय हो बाई.’ त्यांचं घर मी पाहिलंय. दोन खोल्या आणि एक पडवी.

तळं झालं. काळं प्लास्टिक अंथरलं, वर मातीचा थर दिला, विहिरीचं पाणी सोडलं. मग अश्विनीनं त्यात शेण कालवलं. फिल्टरवर जन्म गेलेला माणूस काठावर उभा, आणि त्याची मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत नितळ पाण्यात शेण कालवतेय! मामांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, असं अश्विनीच मला हसत हसत सांगत होती. आठ-दहा दिवसांत पाणी हिरवं झालं. तिला तेच हवं होतं. त्या हिरवाईवर बारके मासे जगतात आणि बारक्या माशांवर मरळ जगते. मरळ नुसती आणून सोडली तर खाणार काय? म्हणून आधी तिचा चारा वाढवायचा. पाझर तलावावरच्या भोयांकडून तिनं बोटाच्या पेराएवढी चंदेरी मासोळी आणवली. तिला तिकडे चिल्लर म्हणतात. ती तळ्यात सोडली. अंडी घालायला आसरा हवा म्हणून शिंदीच्या दहा फांद्या काठाकाठानं बुडवून बांधायला मामांना सांगितलं.

मामांनी बासष्ट बांधल्या.

‘दहा म्हटलं होतं ना बाबा?’

‘हाव. पण दहाच्या दहा सुटून गेल्या तं?’

चिल्लर सोडली त्या दिवसापासून माझ्या फोनची वाट लागली. सकाळी मी डबा भरत असताना मामांचा पहिला फोन यायचा.

‘बाई, काई दिसून नाई राह्यलं.’

‘काय दिसत नाही मामा?’

‘चिल्लर. हजारानं सोडली म्हणते अश्विनी. पाणी असं हिरवंगार, हात घातला तं हात दिसत नाई. मेली असली तं? आपण म्हणून राह्यलो हाय, हाय, अन् खाली काईच नसलं तं?’

‘अश्विनीला विचारा ना.’

‘इचारलं. हाय म्हणते. पण तिलेबी कुठं दिसते?’

खरं सांगायचं तर मीही त्याच जातीची. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघणारी. दिवसभर तक्रारी लिहिताना मध्येच मनात यायचं, खरंच, खाली काही नसलं तर? आणि त्या चिल्लरीपेक्षा मला अश्विनी दिसायची, बस स्टँडवर, भंडाऱ्याच्या वाटेनं निघालेली.

मामा दिवसातून तीन-चारदा काठावर पालथे पडून पाण्यात बघायचे. एकदा गव्हाच्या चाळणीनं मासे काढून मोजायला गेले आणि लेकीची बोलणी खाल्ली. ‘त्याईले घाबरवू नका. तुमी फक्त काठावर बसा. हात लावू नका,’ असं तिनं बजावलं. मामा काठावर बसले. हात लावला नाही. पण बसलेल्या माणसाचं डोकं कुठं बसतं?

पोळा झाला आणि अश्विनी मरळीची पिल्लं आणायला भंडाऱ्याला गेली. चार दिवसांसाठी. जाताना तिनं आणखी एकदा सांगितलं, ‘काई करू नका.’

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मामांचा फोन आला, पण आवाज वेगळाच. ‘बाई, एसटी धरा अन् याच. पाहासारखं हाय.’ चिखलीहून सुटणाऱ्या गाडीनं मी फाट्यावर उतरले आणि शेतात गेले. मामा बांधावर छाती काढून उभे. मी तळ्यात बघितलं आणि बघतच राहिले.

पाणी आरशासारखं नितळ. तळाची माती दिसत होती, शिंदीच्या फांदीचं पानन्पान दिसत होतं, आणि त्यातून चिल्लरीचे थवेच्या थवे फिरत होते. उन्हात वळले की सगळे एकदम लखलखायचे. इतकी सुंदर गोष्ट मी आपल्या भागात पाहिली नव्हती.

‘चार नंबर,’ मामा म्हणाले.

त्यांनी घरी ओट्यावर सहा ग्लास मांडले होते. तळ्याचं हिरवं पाणी, चढत्या मापानं तुरटी. माप काढून तुरटी ड्रममध्ये विरघळवली आणि दोन दिवस मोटारीच्या धारेबरोबर थेंबाथेंबानं तळ्यात सोडली. तीस वर्षं अख्ख्या गावासाठी जे केलं ते शेवटी स्वतःच्या लेकीसाठी केलं होतं. आणि ते मला विचारत होते, ‘झालं ना बराबर?’

मी म्हणाले, ‘वा मामा! कमाल केली तुम्ही.’

हे मी म्हणाले. मला माशांतलं काही कळत नव्हतं हे खरं, पण ‘अश्विनीला विचारलंत का?’ एवढं तरी तोंडातून निघायला हवं होतं. निघालं नाही. इतक्या दिवसांची त्यांची धडधड थांबलेली बघून मलाच बरं वाटत होतं. आम्ही दोघं काठावर बसून शेंगा खात मासे बघत राहिलो. मामा पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘हाय वं माय, सगळी हाय.’

सोमवारी सकाळी फोन. ‘बाई, बगळे.’

‘काय बगळे?’

‘बगळे, बगळे! बगळे आले!’

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. बांधावर चढले तर समोरचं बघवेना. आम्हाला मासे दिसत होते तसे ते बगळ्यांनाही दिसत होते. हिरव्या पाण्यावरून इतके दिवस ते सरळ पुढे निघून जायचे. आता काठाकाठानं पंगत बसली होती. वर तारेवर दोन खंड्या, एकामागोमाग एक सूर मारत होते. मामा एका हातात छत्री, एका हातात ताट घेऊन तळ्याभोवती पळत होते. या बाजूचे उठवले की त्या बाजूला उतरायचे. मीही ओढणी कमरेला खोचून धावायला लागले. हुश्श, हुश्श! माझी चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच.

आणि जी चिल्लर उरली होती ती पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होती. काही उताणी तरंगत होती. पाणी इतकं स्वच्छ केलं होतं की त्यात तिला खायलाही काही उरलं नव्हतं. तुरटी तिला बाधली असणार हे तेव्हा आम्हाला कळत नव्हतं. मामांनी एक मेलेला मासा तळहातावर घेतला.

‘मी फक्त पाहासाठी केलं हो बाई.’

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला.

दुपारी जीप आली. अश्विनी उतरली. मागं हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत मरळीची काळी बारीक पिल्लं. ती हसतच बांधावर चढली आणि थांबली. तळ्याकडे बघितलं, बगळ्यांकडे बघितलं, मग आमच्याकडे. मी चिखलात एका पायावर उभी.

‘पाणी काऊन असं झालं?’

मला वाटलं, मामा आता म्हणतील, काही कळत नाही, आपोआप झालं. तसं म्हटलं असतं तर मीही मान डोलावली असती, इतकी मी घाबरले होते.

‘म्या तुरटी टाकली,’ मामा म्हणाले.

‘किती?’

मामांनी आकडा सांगितला. एवढ्या पाण्याला एवढी, इतक्या तासांत, अमुक धारेनं. फिल्टरच्या वहीत लिहायचे तसं बिनचूक. अश्विनी बांधावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, ‘तुमाले ते दिसाले पायजे होते?’

‘हाव.’

‘मले तरी कुठं दिसत होते बाबा? मी रोज सकाळी कोपरापर्यंत हात बुडवत होते. पंजा दिसेनासा झाला की समजायचं, पाण्यात खायाले हाय. तेवढंच पाह्यचं असते. बाकी भरवसा ठेवा लागते.’

मामांनी मान खाली घातली. त्यांच्या आयुष्यात भरवशावर ठेवलेलं एकही काम नव्हतं.

मरळीची पिल्लं तळ्यात सोडता येणार नव्हती. ती विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात गेली. ‘याईले उपाशी ठेवलं तं एकमेकाले खातीन,’ अश्विनी म्हणाली. त्या क्षणापासून मामा खुरपं घेऊन गांडुळं उकरायला लागले. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालायचा, गांडुळं बारीक करून घालायची, असं दिवसातून सहा वेळा. तळ्यात तुरटीवर उतारा म्हणून चुना, मग पुन्हा शेण. या वेळी शेण मामांनी स्वतः कालवलं. तोंड फिरवलं नाही.

पण माझे सकाळचे फोन आता चिल्लरीचे राहिले नाहीत.

‘बाई, बॅग तशीच हाय.’

अश्विनीनं भंडाऱ्याहून आणलेली बॅग पडवीत दाराशी पडून होती. तिनं ती उघडली नव्हती. एक आठवडा झाला. दुसरा सुरू झाला. रोज एकच बातमी.

‘अहो, कामाच्या गडबडीत राहिली असेल. विचारा ना तिला, राहणार का जाणार.’

‘इचारलं तं उत्तर देईन ना थे.’

इकडे गॅसवर माझं दूध उतू गेलं.

मी विचारलं, तिच्या नोकरीचं काय? ‘तिकडून फोन येते. बोलते बाहेर जाऊन. काय बोलते माईत नाई.’ आणि मग, ‘मले टेन्शन नाई, पण...’ त्या दिवशी ‘पण’च्या पुढे मामांना काही सुचलंच नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं होतं.

पंधरवडा उलटल्यावर एका रविवारी फोन आला तो भलताच. ‘बाई, माहा गिलास सापडून नाई राह्यला. पिशवीत नाई, घरात नाई. सकाळपासून पाणी पेलो नाई मी.’

दुपारचे बारा वाजत आले होते. ऊन मी म्हणत होतं. हा माणूस ग्लास नाही म्हणून तहानेनं मरेल अशी धास्ती मला बसली. घरातला एक काचेचा ग्लास रुमालात गुंडाळला आणि गाडी धरली. मामा फाट्यावरच उभे होते. ओठ सुकलेले. माझा ग्लास त्यांनी हातात घेऊन बघितला. ‘याच्यावर फुलं हाय,’ म्हणाले आणि परत दिला. नक्षीच्या ग्लासातून पाणी नीट दिसत नाही. मी कपाळाला हात लावला.

दोघं तळ्याकडे निघालो. पाणी पुन्हा हिरवं झालं होतं, जाड, गच्च हिरवं. बगळा एकही नव्हता. त्या बाजूला शिंदीच्या फांद्यांशी अश्विनी गुडघाभर पाण्यात वाकून उभी होती. बांधावर तिची ती बॅग पडलेली मला दिसली. चेन तुटलेली, आणि आत गच्च भरलेलं शेणखत. ती बॅग आता कोणत्याही प्रवासाला नेण्यासारखी उरली नव्हती. मी मामांना कोपरानं ढोसलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांना लेकीच्या हातातला ग्लास दिसला होता.

‘माहा गिलास!’

‘या ना बाबा, लवकर या.’

मामा बांध उतरून गेले. मागोमाग मी. अश्विनी म्हणाली, बगळे आले तेव्हा जी चिल्लर वाचली ती या फांद्यांत घुसून बसली म्हणून वाचली. दहाच बांधल्या असत्या तर सगळी गेली असती. एवढं बोलून तिनं फांद्यांजवळचं पाणी भरलेला ग्लास त्यांच्या हातात दिला.

मामांनी तो नेहमीसारखा उजेडाकडे धरला. एक डोळा मिटला. बोटांत ग्लास हळूच फिरवला. हिरवट पाणी, गढूळ. त्यांच्या फिल्टरवर असं पाणी कुणी आणलं असतं तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं नसतं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. आधी मला काहीच दिसलं नाही. मग दिसलं. केसाएवढं बारीक, जवळजवळ आरपार दिसणारं, पुढच्या टोकाला दोन काळे ठिपके. ते हललं. त्याच्यामागे दुसरं. मग पाच-सहा.

‘नवीन चिल्लर,’ अश्विनी म्हणाली. ‘परवाच फुटली अंडी. फांदीफांदीला हाय. दिवाळीपर्यंत मरळ सोडता येते आपल्याले.’

‘आपल्याले?’ मामांनी विचारलं. डोळा ग्लासावरचा काढला नाही.

‘मंग काय, तुमाले एकट्याले जमणार हाय काय? पुन्हा तुरटी टाकान.’

मामांच्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी गालावर आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण दोन्ही हातांनी ग्लास घट्ट धरला होता. मग माझ्याकडे वळून, कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले,

‘बाई, हाय. पाण्यात काईतरी हाय.’